‘नको’ म्हणायचा सराव

वाचकांचे प्रश्न

लहान मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल आणि नको असलेल्या स्पर्शाबद्दल काय सांगायचं, कसं सांगायचं, यावर गेल्या अंकात पत्रं मागवली होती. त्यांतल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. गणपतीत घरी पाहुण्यांची वर्दळ असते. चुलत सासरे आले की तिला उचलतात, गालगुच्चा घेतात, ‘पापी दे’ म्हणून मागे लागतात. माणूस मनाने अगदी चांगला. पण ती अंग चोरते, माझ्यामागे लपते. यंदा ती ‘नको!’ म्हणून ओरडली, तर सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, ‘माणूसघाणी करून ठेवशील तिला.’ मी काय करायला हवं होतं? – एक आई, सातारा

त्या हसण्यापासूनच सुरुवात करू. तुमच्या मुलीने जे करायला हवं तेच केलं. स्पर्श नको होता, ते तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. त्यावर घरभर मोठी माणसं हसली. ‘आजोबांना नको म्हणायचं नाही, पण व्हॅनवाल्या काकांना म्हणायचं’ हा फरक साडेपाच वर्षांच्या मुलीला कळत नाही. तिला एवढंच कळतं की ‘नको’ म्हटल्याने काही थांबत नाही, उलट आपलं हसं होतं. चुलत सासऱ्यांच्या हेतूचा इथे प्रश्नच नाही आणि घरात बोलताना तो काढूही नका. तो निघाला की सगळे त्यांची बाजू सावरायला लागतात आणि मुलगी बाजूलाच राहते.

आलेल्या माणसाची दखल घेणं ही रीत आहे, ती तिला शिकवायचीच. अंगाला अंग लावणं ही रीत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करा. दारात पाहुणे येण्याआधी तिला विचारा, ‘आज काय करणार? वाकून नमस्कार, टाळी, की लांबूनच “या आजोबा” म्हणायचं?’ तिने निवडलं की तेच होईल, हे तुम्ही सांभाळायचं. सासूबाईंना यात मानाची जागा द्या. नमस्कार कसा करायचा, आशीर्वाद मिळाला की काय म्हणायचं, हे त्यांनी शिकवावं. मुलगी माणूसघाणी होईल ही त्यांची भीतीही त्यानेच कमी होते.

पाहुण्यांना आधीच फोन करायचा, आणि तो तुम्ही नव्हे, तुमच्या यजमानांनी. ज्याचं नातं, त्याने बोलावं. सुनेने सांगितलं की त्याचा मानापमान होतो, पुतण्याने सांगितलं की गंमतीत निभावतं. ‘काका, तिला हल्ली उचललेलं आवडत नाही. तुम्ही टाळी मागा, बघा कशी पळत येते.’ एवढं पुरे.

तरीही त्यांनी उचललंच, तर तिच्या उंचीला खाली बसा आणि तिच्या वतीने एकच वाक्य बोला: ‘तिला नकोय, टाळी चालेल.’ आवाज नेहमीचाच ठेवा. ‘लाजते हो ती’ असं म्हणू नका. ती लाजत नाही, नकार देते आहे. आणि ‘आजोबांना वाईट वाटेल हं’ हे वाक्य तर घरातून काढूनच टाका. मोठ्या माणसाचं मन सांभाळण्याची जबाबदारी त्या वाक्याने मुलीवर येते, आणि वाईट हेतूचा माणूस पुढे नेमकं हेच वाक्य वापरतो. ‘पापी दे, मग चॉकलेट’ हा सौदाही तसाच.

घरी सरावाला गुदगुल्यांचा खेळ उत्तम. नियम एकच: ती ‘थांब’ म्हणाली की हात त्याच क्षणी वर. ती हसत असली तरी. गुदगुल्यांमध्ये हसू आपोआप येतं, त्याचा अर्थ होकार नव्हे. ‘आणखी करू?’ विचारायचं आणि ती ‘हो’ म्हणाली तरच पुन्हा. एका बैठकीत चार-पाच वेळा असं झालं की आपल्या शब्दाने मोठ्या माणसाचा हात थांबतो, हे तिच्या अंगवळणी पडतं. हाच नियम तिलाही लागू. शेजारचं बाळ रडत असताना त्याला ओढून मांडीवर घ्यायचं नाही.

रस्ता ओलांडताना हात धरणं, औषध, लस, नखं कापणं यांत तिचा नकार चालणार नाही. तिथे कारण सांगा आणि जिथे निवड देता येते तिथे द्या. सुई टोचणारच आहे, पण कोणत्या दंडावर ते ती सांगू शकते.

बायकोची नोकरी शिफ्टची असल्यामुळे चार वर्षांच्या मुलीला आंघोळ बहुतेक मीच घालतो. तिला गुड टच–बॅड टच शिकवायचं आहे, पण अवयवांची नावं घेताना जीभ अडखळते. बापाने हे बोलावं का? – एक बाबा, नाशिक

जरूर बोलावं. आंघोळीसारखी दुसरी वेळ नाही. साबण लावताना वरून खाली नावं घेत या: मान, खांदे, छाती, पोट, बेंबी, योनी, मांड्या, ढुंगण, गुडघे. ‘योनी’ म्हणताना आवाज खाली जाऊ देऊ नका आणि पुढच्या शब्दाकडे घाईने पळूही नका. सुरुवातीला मुलीला त्या शब्दात काहीच वेगळं वाटत नाही. वेगळेपण आपल्या चेहऱ्यावरून तिच्याकडे जातं. जीभ अडखळत असेल तर आधी एकट्याने चार वेळा मोठ्याने म्हणून बघा.

खरा शब्द हवाच, कारण लाडाचे शब्द घराबाहेर चालत नाहीत. बालवाडीत एखादी मुलगी ‘माझं फूल दुखतंय’ म्हणाली, तर बाई तिच्या केसांतलं फूल नीट करतील. ‘शूची जागा’ हा घरगुती शब्द राहू द्या, तो सगळ्यांना कळतो. पण त्याच्या जोडीला खरा शब्दही तिच्याकडे असावा.

चौथ्या वर्षी साबण तिच्या हातात द्या. ‘ही जागा तू धू, मी पाणी घालतो.’ पुढून मागे धुवायला शिकवा, म्हणजे शीच्या जागेचे जंतू पुढे येत नाहीत. सहाव्या वर्षापर्यंत पाठ आणि केस सोडले तर बाकी सगळं तिला जमायला हवं. आपली जागा आपण धुतो, ही सवय म्हणजे शिकवणीचा अर्धा भाग झाला.

‘गुड टच–बॅड टच’ हे शब्द शाळांत रुळले आहेत, पण आम्ही ते टाळा असंच सांगतो. इंजेक्शन दुखतं, म्हणून लहान मुलं त्याला बॅड टच म्हणतात. उलट मुलांचा गैरफायदा घेणारा माणूस बहुतेक वेळा दुखवत नाही. तो लाड करतो, खाऊ देतो, खेळ म्हणून सुरुवात करतो. मुलीला ते वाईट वाटलंच नाही, तर ती सांगणार काय? आणि पुढे कळलं की ‘मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, म्हणजे मीच वाईट’ असं ती स्वतःला लावून घेते. म्हणून भावनेवर न सोपवता साधा नियम द्या: चड्डी आणि बनियनच्या आतली जागा आणि तोंड माझं आहे. तिथे कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही. स्वतःची तशी जागा मला दाखवायची नाही किंवा मला हात लावायला सांगायचं नाही. तसले फोटो-व्हिडिओ दाखवायचे नाहीत. याला दोनच अपवाद: स्वच्छतेसाठी ठरलेल्या माणसाची मदत, आणि आई किंवा बाबा खोलीत असताना डॉक्टरांची तपासणी.

दुसरी जोडी शिकवायची ती गंमत आणि गुपित यांची. आईच्या वाढदिवसाचा केक आणला, संध्याकाळपर्यंत सांगायचं नाही, ही गंमत. ती कधी उघडणार हे ठरलेलं असतं आणि उघडली की सगळे हसतात. गुपित कधीच उघडायचं नसतं, आणि ‘सांगितलंस तर आई रागावेल’ अशी धमकी त्याला चिकटलेली असते. ‘आपल्या घरात गंमत चालते, गुपित चालत नाही’ हे वाक्य तिला पाठ होऊ द्या. मग तुम्हीही ‘आइस्क्रीम खाल्लं ते आईला सांगू नकोस हं’ म्हणायचं नाही. एकदा तसं म्हटलं की नियम मोडला.

बाकीचं ‘समजा’च्या खेळात येतं. स्कूटरवरून जाताना दोन-तीन प्रश्न विचारायचे, पाच मिनिटं, आठवड्यातून एकदा. ‘समजा, रिक्षावाले काका म्हणाले पुढे माझ्या मांडीवर बस, मग?’ तिचं उत्तर आधी पूर्ण ऐका, चुकीचं असलं तरी लगेच दुरुस्त करू नका. मध्येच एखादा अगदी साधा प्रश्नही घाला, ‘समजा, डब्यात मुंगी निघाली, मग?’ म्हणजे खेळ खेळच राहतो. झोपताना मात्र हा खेळ नको, भीती अंथरुणात शिरते.

‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढंच सांगून थांबणारे पालक बरेच असतात. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्रास देणाऱ्यांत जवळपास निम्मे मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. त्या मुलांत मुलगेही मुलींइतकेच होते. घरात मुलगा असेल तर हे सगळं त्यालाही.

मी सातवीत आहे. क्लासचे सर गणित समजावताना पाठीवरून हात फिरवतात. मैत्रिणी म्हणतात, सर सगळ्यांशीच तसे वागतात. आईला सांगितलं तर ती म्हणाली, लांब बस. मला तेव्हा बोलायचं असतं पण आवाजच फुटत नाही. माझं काही चुकतंय का? – (नाव नाही)

नाही, तुझं काहीच चुकत नाही. तू पत्र लिहिलंस हे फार चांगलं केलंस. सर सगळ्यांशी तसे वागतात, याचा अर्थ ते बरोबर आहे असा होत नाही. गणित समजावायला पाठीला हात लागत नाही.

आवाज फुटत नाही, याला घाबरू नकोस. अचानक नको ते घडलं की शरीर थिजतं, घसा कोरडा पडतो, हातपाय जड होतात. मोठ्यांचंही होतं. तेव्हा बोलता आलं नाही म्हणून तू मान्यता दिलीस, असं कुणीही म्हणू शकत नाही. पण आवाजाचा सराव करता येतो. पोहणं पाण्याबाहेर उभं राहून शिकता येत नाही, तसं हेही मनातल्या मनात जमत नाही. ते मोठ्यानेच करावं लागतं.

वाक्य छोटं निवड: ‘सर, पाठीवर हात ठेवू नका.’ त्यात ‘प्लीज’, ‘सॉरी’, ‘जरा’ काही नको, आणि कारणही नको. कारण दिलंस की समोरचा त्या कारणावर वाद घालतो. दोन्ही पाय जमिनीवर टेकव, श्वास सोड आणि वाक्य म्हण. आरशासमोर रोज दहा वेळा. पहिल्या दिवशी शेवटचे शब्द पुटपुटल्यासारखे होतील, ‘ठेवू नका’ ऐकूच येणार नाही. वाक्याचा शेवट पडू न देणं हाच खरा सराव. मग एखाद्या मैत्रिणीला सर कर. तिने ‘अगं, मी काय केलं?’ म्हणायचं, आणि तू दुसरं काही न बोलता तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. मध्ये सोप्या जागीही आवाज वापरून बघ: दुकानात सुटे पैसे कमी आले तर माग, रांगेत कुणी घुसलं तर ‘माझा नंबर आहे’ म्हण.

त्या क्षणी बोलणं नाहीच जमलं तर अंग वापर. उभी राहा, दप्तर मध्ये घे, ‘पाणी पिऊन येते’ म्हणून खोलीबाहेर जा. तेही ‘नको’च आहे.

आता आईला पुन्हा सांग. पहिल्यांदा कदाचित तिला नीट कळलं नसेल, किंवा ती घाबरली असेल. या वेळी तारखेनिशी सांग: कोणत्या वारी, कुठे बसली होतीस, काय झालं, किती वेळा. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंस तर बोलताना शब्द हरवत नाहीत. ‘मला त्या क्लासला जायचं नाही’ हेही सांग. आईने नाही ऐकलं तर थांबायचं नाही. हाताच्या पाच बोटांवर पाच मोठी माणसं मोज, त्यांतली निदान दोन घराबाहेरची हवीत: बाबा, मावशी, आजी, वर्गशिक्षिका, मैत्रिणीची आई. कुणीतरी उठून काही करेपर्यंत एकेकाला सांगत जायचं. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलांसाठीच आहे. रात्री-अपरात्रीही चालतो, पैसे पडत नाहीत आणि मोठ्यांची परवानगी लागत नाही. शाळेत तक्रारपेटी असते, मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समितीही असते. त्यात कोण आहे ते वर्गशिक्षिकांना विचार.

हे वाचणाऱ्या पालकांनाही दोन शब्द. ‘लांब बस’ याचा अर्थ मुलीला असा लागतो की जागा तिने बदलायची. क्लास बंद करा, आणि का बंद केला हे तिला सांगा. लैंगिक हेतूने केलेला स्पर्श कपड्यांवरून असला तरी गुन्हाच ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. एखाद्या मुलीने असं काही सांगितलंच तर नेमकं काय करायचं? आमच्याकडे ‘शाळेचं नाव खराब होईल’ हेच आधी ऐकू येतं. – शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

मुलगी बहुधा थेट सांगत नाही. मधल्या सुट्टीत घुटमळते, ‘बाई, एक सांगू?’ म्हणते आणि भलतंच काहीतरी सांगते. किंवा ‘माझ्या मैत्रिणीला ना…’ अशी सुरुवात करते. हातातल्या वह्या बाजूला ठेवून खाली बसा. चेहऱ्यावर धक्का दिसला की ती तिथेच थांबते. तीन गोष्टी म्हणा: सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही, मी मदत करणार आहे. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते तुम्हाला मोडावंच लागेल. ‘जे मदत करू शकतात त्यांनाच सांगेन’ म्हणा.

प्रश्न उघडे ठेवा: ‘मग काय झालं?’ ‘त्याने तिथे हात लावला का?’ असं विचारलंत तर तुमचे शब्द तिच्या तोंडी जातात, आणि पुढे कोर्टात ‘बाईंनी पढवलं’ म्हणायला जागा मिळते. एकदा ऐकलं, पुरे. मुख्याध्यापकांसमोर एकदा, केंद्रप्रमुखांसमोर एकदा, मग समितीसमोर एकदा, असं तिला फिरवू नका. त्याच दिवशी तिचे शब्द जसेच्या तसे लिहून काढा. ती ‘शूची जागा’ म्हणाली असेल तर तेच लिहा. वर तारीख आणि वेळ घाला. ज्याचं नाव आलं त्याला बोलावून समोरासमोर करू नका. त्याला सावध व्हायला वेळ मिळतो आणि मुलगी गप्प होते. घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, असं पालकांना सांगा. ते कपडे कागदी पिशवीत ठेवायचे, प्लास्टिकमध्ये नाही. ओलसरपणाने पुरावा खराब होतो.

‘शाळेचं नाव’ या मुद्द्याला कायद्यात उत्तर आहे. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे पॉक्सोच्या कलम १९ नुसार, असा गुन्हा झाल्याचं ज्याला माहीत आहे त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत. हे मुख्याध्यापकांना कागदावर दाखवा, तोंडी वाद घालू नका. कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते, ‘आमची हद्द नाही’ हे कारण चालत नाही.

मुलीच्या आईवडिलांना पोलीस ठाण्याचीच भीती असते, म्हणून त्यांना नेमकं सांगा. जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेतला जातो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याकडून, गणवेश न घालता. तिला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, विश्वासातलं माणूस जवळ असताना. गुन्हा नोंदला नाही म्हणून ही तपासणी अडवता येत नाही. तिचं नाव, फोटो, शाळा, गाव छापायला माध्यमांना मनाई आहे, हेही सांगा. गावात तोंड दाखवायचं कसं, या धास्तीपोटी कितीतरी तक्रारी उंबऱ्यातच थांबतात.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिला पहिल्या बाकावर आणू नका, ‘बिचारी’ म्हणू नका. ती रोज जिथे बसते तिथेच बसू द्या, पाढे म्हणायची पाळी तिला रोजच्यासारखीच द्या.

नात अकरा वर्षांची आहे. हल्ली कपडे बदलताना सगळ्यांना बाहेर काढते. आमची चाळीतली एकच खोली, त्यातच स्वयंपाक आणि मोरी. आपल्याच माणसांत ही लाज कसली? – एक आजी, मुंबई

आजी, वयाचंच आहे ते. आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान छाती वाढायला लागते आणि तिला पहिल्यांदाच आपलं शरीर नवं वाटतं. खोली एकच असली तरी आडोसा करता येतो. मोरीच्या दोन बाजूंना डोक्याच्या वर खिळे ठोका, नायलॉनची दोरी ताणून बांधा आणि तुमची एखादी जुनी सुती साडी दुहेरी करून टाका. घोट्यापर्यंत यायला हवी, वाऱ्याने उडू नये म्हणून खालच्या काठात चार नाणी शिवा. साडी ओढलेली असली की आत कुणी जायचं नाही, आधी भिंतीवर टकटक करायची आणि ती ‘ये’ म्हणेपर्यंत थांबायचं. हे तिच्या बाबांना आणि धाकट्या भावालाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका ‘केवढी वाढली गं’ म्हणत तिला खालीवर न्याहाळू लागल्या, तर विषय बदलायचं काम तुमचं. तुम्ही वयाने मोठ्या आहात, तुम्हाला कुणी उलट बोलणार नाही.